चोरून पाजलेला घोट



या आठवड्यात कापसाच्या वेचणीवर लिहायचे ठरवले होते. पण टपालात अमळनेर तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आणि कापूस बाजूला ठेवावा लागला. नाव-गाव लिहू नका, अशी त्यांची विनंती आहे. ती पाळतो. मजकूर थोडक्यात असा:

"मालक मनाने वाईट नाहीत. दिवसभर शेतात राबतात. पण दिवस मावळला की पाय गुत्त्याकडे वळतात. बाजारच्या दिवशी एका बाईने पुडी दिली. म्हणाली, वरणात कालवून घाल, त्याला कळू देऊ नकोस, महिनाभरात दारूचा वास नकोसा होईल. पुडी आणून हळदीच्या डब्यामागे ठेवली आहे. आठ दिवस झाले, हात धजत नाही. घालू का?"

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देतो. पण त्याआधी मला इतर वाचकांना घेऊन जरा आगगाडीत बसायचे आहे. तुम्हीही सोबत चला. तुमची पुडी आणि ही गाडी यांचा संबंध पुढे कळेल.

गाडीतला चहा

आपल्या खानदेशातली किती तरी मुले सुरत-उधन्याला कामाला आहेत. जळगावहून धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार करत जाणारी गाडी म्हणजे आपल्याला घरचा रस्ता. समजा, तुम्ही त्या गाडीत बसला आहात. मुलाकडे निघालात. पिशवीत कळण्याचे पीठ, वांगी, सुनेसाठी केलेले डोरले, आणि बंडीच्या आतल्या खिशात केळीच्या पट्टीचे थोडे पैसे. समोर एक सभ्य माणूस येऊन बसतो. "कथा जाई राह्यनात, आबा?" आपली अहिराणी कानावर पडली की आपले निम्मे कुलूप उघडते. मग गाव निघते, पाहुणे निघतात, कुठल्या तरी लग्नात भेटल्याची आठवणही निघते. तो बिस्किटाचा पुडा फोडतो, आधी स्वतः खातो, मग तुम्हाला देतो. पुढच्या स्टेशनावर दोन चहा आणतो. एक त्याचा, एक तुमचा.

पुढचे तुम्हाला आठवत नाही. जाग येते ती दवाखान्यात, नाही तर कुठल्या तरी फलाटावर. डोरले नाही, पैसे नाहीत, मोबाईल नाही.

ही चोरी नवी नाही. आगगाडी येण्याच्या आधीपासून ती रस्त्यावर आहे. तेव्हा हत्यार होते धोतऱ्याचे बी. नॉर्मन चेव्हर्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८५६ साली हिंदुस्थानातल्या न्यायवैद्यकाविषयी मोठा ग्रंथ लिहिला. वाटसरूंना धोतरा चारून लुटणाऱ्यांची हकिकत त्यात आहे. वाटेत सोबत करायची, धर्मशाळेत एकत्र स्वयंपाक करायचा आणि पिठात नाही तर भाजीत कुटलेले बी मिसळायचे, अशी ती रीत. आजही वैद्यकीय महाविद्यालयांत मुलांना धोतऱ्याचे बी आणि मिरचीचे बी यांतला फरक शिकवतात, कारण दोन्ही एकमेकांसारखी दिसतात. मिरचीचे बी पिवळट, गोल, चपटे आणि तिखट. धोतऱ्याचे त्याहून जाड, तपकिरी, घेवड्याच्या दाण्याच्या घाटाचे आणि कडू. नंदुरबारच्या मिरचीत हात घालणाऱ्या आपल्या बायांना हा फरक बोटांनीच कळेल. पण कुटून भाजीत घातल्यावर कोणाला कळणार?

धोतरा पोटात गेला की तोंड कोरडे ठाक पडते, चेहरा लाल होतो, अंग तापते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. माणूस बरळू लागतो, अंगावरचे कपडे चिमटीत धरून ओढत बसतो. बघणारा म्हणतो, बाधा झाली. बाधा नव्हे, ते विष आहे.

आता चोरांनीही काळाप्रमाणे अवजार बदलले. आज बहुधा झोपेच्या आणि मन शांत करण्याच्या गोळ्या वापरतात. डॉक्टर त्या मापून देतात, तेव्हा ते औषध असते. चोर चिमटीने घालतो, तेव्हा त्याला ना तुमचे वय ठाऊक, ना तुमचे वजन, ना तुमचा दमा. त्यातच पोटात दारू असेल तर दोन्हींचा जोर एक होऊन श्वास मंदावतो. बेशुद्धीत उलटी झाली आणि ती श्वासनळीत गेली तर माणूस दगावतो. चोराला फक्त पिशवी हवी असते. जीव जातो तो असा.

या गोळ्यांची आणखी एक खोड लक्षात ठेवा. माणूस लगेच आडवा पडेलच असे नाही. तो बोलतो, चालतो, सांगितले तसे करतो आणि नंतर त्याला काहीच आठवत नाही. म्हणून पुढे "तो आपल्या पायांनी गेला की!" असे कोणी म्हणाले तर त्यावर जाऊ नका. पाय त्याचे होते, शुद्ध त्याची नव्हती. मुली-बायकांच्या बाबतीत तर हे शंभरदा ध्यानात ठेवा. कायद्यानेही ते मानले आहे. नशेत किंवा गुंगीचे काही दिल्यामुळे जिला आपण कशाला होकार देतो हेच समजत नव्हते, तिचा होकार हा होकारच नव्हे, असे बलात्काराच्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. त्यात दोष तिचा नाही. घरच्यांनी तिला बोल लावू नये. तिला दवाखान्यात न्यावे. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर ताबडतोब आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत.

'पेलेला दिसतो' म्हणू नका

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. गुंगीत पडलेला माणूस आणि दारू पिऊन पडलेला माणूस लांबून सारखेच दिसतात. बसस्थानकाच्या बाकावर एखादा म्हातारा लोळत असतो. आपण म्हणतो, "पेलेला दिसतो," आणि धोतर सावरून पुढे जातो. तो कोणाचा तरी बाप असतो. त्याच्या तोंडाला दारूचा थेंबही लागलेला नसतो. आणि समजा प्यायलेला असला, तरी उलटी घशात अडकून मरण्याइतका त्याचा गुन्हा थोडाच आहे?

अशा वेळी काय करावे?

त्याला हाक मारा, हलवा. उठत नसेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी आली तरी बाहेर पडेल. पाणी, ताक, लिंबू, मिठाचे पाणी, काहीही तोंडात ओतू नका. शुद्धीत नसलेल्या माणसाचा घोट पोटाऐवजी फुप्फुसात जातो. घशात बोटे घालून उलटी काढू नका. श्वास चालू आहे का यावर नजर ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि गाडीत असाल तर १३९ फिरवा. उरलेला चहाचा पेला, बिस्किटाचा कागद, पाण्याची बाटली फेकू नका. स्वच्छ पिशवीत बांधून पोलिसांच्या हाती द्या. दवाखान्यात गेल्यावर "काहीतरी पाजले असावे" असा संशय डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रक्त आणि लघवी तपासल्यावर औषध सापडते, पण ते शरीरात फार काळ राहत नाही. "आधी घरी नेऊ, सकाळी बघू," असे म्हटले की पुरावाही जातो आणि कधी कधी माणूसही.

कायदा काय म्हणतो

१८६० च्या भारतीय दंड संहितेत यासाठी ३२८ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हेच कलम १२३ क्रमांकाने आहे. दुखापत करण्याच्या किंवा गुन्हा करण्याच्या हेतूने, अथवा यामुळे दुखापत होण्याचा संभव आहे हे माहीत असताना, कोणालाही विष, गुंगी आणणारे, नशा आणणारे किंवा अपायकारक औषध वा अन्य पदार्थ दिला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. चोरी साधली की नाही, याला महत्त्व नाही. माणूस वाचला म्हणून गुन्हा मिटत नाही. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे आणि तो सत्र न्यायालयात चालतो.

आता अडचण येते ती हद्दीची. चहा प्यायला नंदुरबारला, शुद्ध आली सुरतेला, राहणार पारोळ्याचे. फिर्याद कुठे द्यायची? कुठेही द्या. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी पोलीस ठाण्याने फिर्याद नोंदवून घेतली पाहिजे, असे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे. पुढे ती योग्य ठाण्याकडे जाते. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्या.

गोळ्या हाती पडू नयेत म्हणूनही नियम आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम अशी औषधे 'एच-१' या यादीत आहेत. मार्च २०१४ पासून ही यादी लागू झाली. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरचे नाव, रोग्याचे नाव, औषध आणि किती दिले ते लिहावे लागते आणि ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. म्हणून आपल्या गावच्या औषधाच्या दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर चिडू नका. "ओळखीचा आहे, दे दोन गोळ्या," ही आपली ओळख कोणाच्या तरी घातास कारण होऊ शकते.

थट्टेतला घोट

काही वाचक म्हणतील, आम्ही काही चोर नाही. बरे. मग लग्नाच्या मांडवात चला.

हळदीची रात्र. वरण-बट्टीच्या पंगती उठल्या आहेत. मांडवामागे चार तरणी पोरे बसली आहेत. पाचवा माळकरी घरचा, घेत नाही. चौघे डोळ्यांनी एकमेकांना खुणावतात आणि त्याच्या थंड पेयात देशीचे बूच उलटे करतात. "पी रे, गोड आहे!" तो पितो. सगळे हसतात. तासाभराने तो मोटारसायकलला किक मारतो, मागे भाची बसलेली असते, आणि महामार्गावर रात्रीचे ट्रक पळत असतात.

ही थट्टा नव्हे. दुखापत होण्याचा संभव दिसत असताना नशा आणणारा पदार्थ पाजला, तर त्याला तेच १२३ वे कलम आहे. कायद्यात दुखापत म्हणजे केवळ रक्त निघणे नव्हे. शारीरिक वेदना, आजार, अशक्तपणा हे सगळे त्यात येते. आणि कायद्याचे राहू द्या. ज्याला साखरेचा आजार आहे, ज्याची फेफऱ्याची गोळी चालू आहे, त्याला ही थट्टा महाग पडते. वडीलधाऱ्यांनी मांडवात एक शब्द टाकला पाहिजे: ज्याला घ्यायचे नाही, त्याच्या पेल्याला कोणी हात लावायचा नाही.

दारू विकणारा जेव्हा हेच करतो, तेव्हा काय होते तेही बघा. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल म्हणजे कारखान्यातला अल्कोहोल. वासाला आणि चवीला तो दारूसारखाच, म्हणून पिणाऱ्याला कळत नाही. काही तासांनी डोळ्यांपुढे धुके येते, पोट दुखते, धाप लागते. वेळेवर उपचार न झाल्यास डोळे जातात, नाही तर प्राण जातो. सकाळी उठून "नीट दिसत नाही" असे कोणी प्यालेला माणूस म्हणाला, तर त्याला झोपू देऊ नका, गाडी जुंपा.

आता ताई, तुमची पुडी

चोराने चहात घातले ते लोभाने, पोरांनी थंड पेयात घातले ते मस्तीने, आणि तुम्ही वरणात घालणार ते संसार वाचवण्यासाठी. तुमचा हेतू आणि त्यांचा हेतू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मी ते विसरलो नाही. पण पोटाला हेतू कळत नाही. पोटाला फक्त आत काय आले एवढेच कळते.

दारू सोडवण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत काय असते, हे विकणारीलाही ठाऊक नसते. पण एक खरे औषध आहे, ते सांगतो. त्याचे नाव डायसल्फिराम. १९४० नंतरच्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दारूवरचा त्याचा परिणाम ओळखला. दारू शरीरात गेली की यकृत तिचे आधी एका विषारी पदार्थात आणि मग निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करते. हे औषध ती दुसरी पायरीच बंद करते. मग दारू घेतल्यावर थोड्याच वेळात ते विष अंगात साठते. चेहरा लाल होतो, डोके ठणकते, उलट्या होतात, छातीत धडधडते, रक्तदाब उतरतो. ज्याला माहीत आहे की आपण हे औषध घेत आहोत, तो या भीतीने दारूला हात लावत नाही. औषधाची खरी ताकद त्या जाणिवेत आहे.

आता विचार करा. मालकांना माहीतच नाही. ते वरण जेवून उठले, दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे गुत्त्यावर गेले, नेहमीइतकीच प्यायले. त्यांचे काळीज कमकुवत असेल तर ते तिथेच कोसळतील. जीव जाऊ शकतो. या औषधाचा परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. एखाद्या आसवात किंवा खोकल्याच्या औषधात असलेला थोडा मद्यार्कही बाधतो. म्हणूनच रोग्याला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय आणि तो नशेत असताना हे औषध कधीही देऊ नये, हा त्याचा पहिला नियम आहे. डॉक्टरांनी तो घरच्यांनाही बजावायचा असतो.

दुसरी गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तरी धोका असतो. हात थरथरतात, घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. पुढे भ्रम होऊन माणूस नसलेली माणसे बघू लागतो. तेव्हा सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जड वाटते. समजा काही झाले नाही आणि एक दिवस त्यांना कळले, की आपल्या ताटात बायकोने काहीतरी कालवले. त्यानंतर ते तुमच्या हातचे जेवतील का? माणूस बाहेर कितीही फसला तरी घरच्या ताटावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. तो एकदा गेला की संसारात राहिले काय?

मग करायचे काय? सकाळी, ते शुद्धीत असताना, त्यांच्याशी बोला. रात्री भांडू नका. रात्रीचे बोलणे दारू ऐकते, माणूस ऐकत नाही. थोरल्या दिरांना किंवा त्यांच्या ऐकण्यातल्या एखाद्या माणसाला सोबत घ्या. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे मनोविकार विभागात दाखवा. दारू हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. घरबसल्या विचारायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे रोग्याबरोबर घरच्यांनाही समजावून सांगतात. ते पहिल्या खेपेला तयार होणार नाहीत. दुसऱ्या खेपेला चिडतील. तिसऱ्या खेपेला कदाचित मोटारीत बसतील. ही वाट लांबची आहे हे मला ठाऊक आहे. पण या वाटेवर ते तुमच्यासोबत चालतील, आणि पुडीच्या वाटेवर तुम्ही एकट्या असाल.

आणि ती पुडी आजच हळदीच्या डब्यामागून काढा. घाईच्या वेळी सासूबाईंचा नाही तर लेकीचा हात तिच्यावर पडेल आणि सगळ्या घराच्या वरणात ती जाईल. फोडू नका, उकिरड्यावर टाकू नका; गुरे-कोंबड्या तोंड घालतात. तशीच बांधून डॉक्टरांना नेऊन दाखवा.

बाकी वाचकांनो, प्रवासात घरची भाकरी आणि घरचे पाणी जवळ ठेवा. चहा प्यावासा वाटला तर स्वतः उतरून, स्वतः पैसे देऊन, डोळ्यांदेखत ओतून घ्या. पेला सोडून गेलात तर परत येऊन तो पिऊ नका, दुसरा घ्या. "विश्वास गेला पानिपतात" असे म्हणून माणसांशी बोलणे मात्र बंद करू नका. गप्पा मारा, पाहुणे काढा, पत्ता द्या-घ्या. समोरच्याने घास पुढे केला तर हात जोडून म्हणा, "आज उपास आहे, भाऊ." भला माणूस असेल तर राग मानणार नाही.

ताई, पुढे काय झाले ते कळवा. दोन ओळी लिहिल्या तरी पुरे.